खिडकीजवळचा बाक

तसं पाहिलं तर ताईला या सगळ्यात फायदाच फायदा होता.

पालिकेने यंदा पहिल्यांदाच पहिली-दुसरीच्या वाचनासाठी वेगळा निधी काढला होता. ज्या शाळेला तो मिळेल तिला दोन वर्षांसाठी एक जादा शिक्षिका मिळणार होती, आणि तिने दुसरं काहीच करायचं नव्हतं. ना हजेरी, ना परीक्षा, ना स्नेहसंमेलनातलं नाटक. अडलेली मुलं चार-चारच्या घोळक्यात घेऊन बसायचं आणि त्यांना वाचायला शिकवायचं, एवढंच. शिवाय मुलांना घरी न्यायला पुस्तकं आणि एक खोली ठाकठीक करायला पैसे. ताईच्या शाळेत जिन्याखाली एक खोली होती. तीत मोडके बाक, फाटकं जाळं आणि आधीच्या मुख्याध्यापकांची फ्रेम केलेली मानपत्रं धूळ खात पडली होती. त्या खोलीला कोणता रंग द्यायचा हेसुद्धा ताईने मनात ठरवून ठेवलं होतं. घरच्या बाजूने बघायचं तर भावाची मुलगी ठिपकी ताईच्याच शाळेत दुसरीत होती आणि तिला अजून वाचता येत नव्हतं. म्हणजे जमेच्या बाजूला शिक्षिका, पुस्तकं, खोली आणि भाची.

खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती. निधी मिळणार होता तो सगळ्यात खालच्या शाळेला.

हे सगळ्यांना सांगितलं होतं ताईच्या नवऱ्याने. तो पालिकेच्या शिक्षण विभागात हिशेबनीस होता आणि घरातही त्याला सगळे हिशेबनीसच म्हणत, बायको धरून. आईच्या टेबलाशी चहा पिता पिता तो म्हणाला होता, "दुसरीच्या प्रत्येक मुलाला एक उतारा देणार. मिनिटभर वाचायचा. बरोबर वाचलेले शब्द मोजायचे आणि शाळेची सरासरी काढायची. पैसा यंदा एकाच शाळेपुरता आहे. ज्यांची सरासरी सगळ्यात कमी, त्यांना."

"म्हणजे जिंकायचं तर नापास व्हायचं?" ताईचा भाऊ भोपू ओरडला होता. "अहो, ही परीक्षा माझ्या लहानपणी का नाही काढलीत? मी शाळेचं सोनं केलं असतं!"

सगळे हसले. दोघी सोडून. ताई छोटीकडे बघत होती आणि छोटी ताईकडे.

छोटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. चाळिशी उलटली, पुलापलीकडच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली, तरी घरात छोटीच राहिली. गावातल्या शाळांत तळाला कोण, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. ताईची बाजाराजवळची आणि छोटीची पुलापलीकडची, या दोन शाळा वर्षानुवर्षं तळाशी एकमेकींच्या कुशीत झोपल्यासारख्या पडून होत्या. त्या दिवशी दोघींच्या मनात एकच हिशेब सुरू झाला. पैसा मला मिळाला तर बरा. पण आकडा मात्र तिचा खाली यायला हवा.

कारण निकाल रविवारच्या पेपरात छापून येणार होता, आणि रविवारचा पेपर आईच्या घरी मोठ्याने वाचला जायचा.

*

आईने जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला. गावातली अर्धीअधिक माणसं तिच्याकडून अक्षरं शिकली. बाजारात पाट्या रंगवणारासुद्धा तिचाच विद्यार्थी. तिची स्वतःची तीन मुलं लहान होती तेव्हा तिने घरात एक रीत घातली. आठवडाभरात ज्याचं वाचन चांगलं झालं, त्याने रविवारी पेपर वाचून दाखवायचा. पुढे मुलींचे केस पिकायला लागले, आईची नजर जवळजवळ गेली, पण रीत राहिली. आता तर ती गरजच झाली होती. घडी न मोडलेला पेपर आई कोपराखाली दाबून बसायची आणि तिच्या मनाला येईल त्याच्यापुढे धरायची. वाचन आवडलं तर वाचणारा श्वासाला थांबला की एकच शब्द म्हणायची, "पुढे." नाही आवडलं तर गप्प बसायची. आयुष्यात दुसरं कौतुक तिने केलं नाही. या एका शब्दावर दोघी बहिणींचं सगळं लहानपण गेलं आणि मोठेपणही बरंचसं गेलं.

मधल्या भोपूच्या हातात तो पेपर कधीच आला नाही. त्याला अक्षरं उशिरा आली आणि आली तीही रुसून. आता तो पाव-बिस्किटांची व्हॅन चालवायचा आणि गल्ली-बोळ डोळे मिटून सांगायचा.

निकालाच्या रविवारी ताई नेहमीपेक्षा बरीच आधी निघाली. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या आईच्या घराचा जिना चढताना तिने नवऱ्याला बजावलं, "तिथे तोंड उघडू नका."

"मी कधी उघडतो?" हिशेबनीस म्हणाला.

"तुम्हाला माहीत आहे ना निकाल?"

"शुक्रवारपासून."

"आणि मला सांगितला नाहीत!"

"छापून यायच्या आधी सांगायचा नसतो. नोकरी आहे ती."

ताईने जिन्यातच थांबून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काही वाचता येईल अशी सोय देवाने ठेवली नव्हती. ती तशीच वर गेली. दार उघडं होतं. आत आईच्या खुर्चीच्या उजव्या हाताला, म्हणजे पेपराच्या बाजूला, नेमक्या त्या स्टुलावर छोटी बसली होती. तिच्या नाकावर नवा चष्मा होता.

"आलीस?" छोटी म्हणाली. "मी म्हटलं आईचे पाय चेपून द्यावेत, म्हणून लवकर आले."

"पाय खाली असतात," ताई म्हणाली. "तू तर खांद्याशी बसली आहेस."

"झाले चेपून. आता गप्पा मारतोय."

"चष्मा नवा?"

"हो. बारीक अक्षर स्वच्छ दिसतं याने. पेपरातलं वगैरे."

ताईच्या पोटात कळ आली. तिने पिशवीतून उशी काढली. मऊ, निळ्या खोळीची, पाठीला लावायची. आईला पुढे वाकवून ती तिने स्वतःच्या हाताने मागे सरकवली.

"ही कोणी आणली?" आईने विचारलं.

"मी गं. ताई."

"बरी आहे," आई म्हणाली.

आता कळ छोटीच्या पोटात होती. गेल्या वाढदिवसाला तिने आणलेली शाल अजून कपाटात घडी घालून होती आणि तिला कोणी बरी म्हटलं नव्हतं.

*

भोपूची बायको, दोघींची वहिनी, स्वयंपाकघराच्या दारात बसून शेंगा सोलत होती. तिला या घरात येऊन दहाबारा वर्षं झाली होती आणि या दोन बहिणी एकमेकींच्या ताटात काय पडलं ते आधी बघून मग आपल्या ताटाकडे वळतात, हे तिला पहिल्याच जेवणात कळलं होतं. एरवी तिला त्याची मजा वाटायची. आज वाटत नव्हती.

वहिनी औषधांच्या दुकानात कामाला होती. शाळा सुटली की ठिपकी दुकानात येऊन बसायची. ती गिऱ्हाइकाने मागितलेली खोकल्याची बाटली फळीवरून बरोबर काढून द्यायची. दुकानदार म्हणायचा, पोरगी हुशार आहे, वाचून देते. वहिनीही तसंच समजायची. मग एक दिवस कंपनीने बाटलीवरच्या कागदाचा रंग बदलला आणि ठिपकी फळीसमोर उभीच राहिली. दुकानात त्या वेळी शेजारच्या शिंपिणीची मुलगी होती, ठिपकीएवढीच. तिने मान वर करून सगळ्या बाटल्यांची नावं घडाघडा वाचली, कोणी विचारलं नसताना. त्या पोरीचा वहिनीला इतका राग आला की नंतर आठवडाभर तिला शिंपिणीशी नीट बोलता आलं नाही. एवढ्याशा पोरीचा हेवा करायचा, म्हणजे काय! पण वाटायचा तो वाटलाच.

तिने ताईला विचारलं होतं. ताई म्हणाली होती, "तिसरीत गेली की सगळं वाचूनच शिकायचं असतं, गणितसुद्धा. त्याआधी धरायला हवं. पण माझ्या बाईंच्या वर्गात चाळीस मुलं. एकेकाला घेऊन कधी बसणार? ती निधीची शिक्षिका येऊ दे. ठिपकीला पहिल्याच घोळक्यात घालते. शब्द देते तुला." वहिनीने तो शब्द धरून ठेवला होता. ठिपकीलासुद्धा सांगितलं होतं, की नव्या बाई येणार, त्या फक्त तुझ्यासारख्यांसाठीच असणार. ठिपकीने त्या नव्या बाई म्हणून एक बाहुलीसुद्धा करून ठेवली होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी ताईचा फोन आला होता. "उद्या तिला पाठवू नकोस गं. बाहेरची माणसं येणार, घड्याळ लावणार, उगाच घाबरायची." वहिनीला बरं वाटलं होतं. आपल्या पोरीचा इतका विचार घरातलंच माणूस करतं, असं तिला वाटलं होतं.

"ताई," ती आता शेंगा बाजूला ठेवून म्हणाली, "आज कळणार ना? आपल्याला मिळेल ना?"

"बघू या," ताई म्हणाली आणि उशी पुन्हा नीट केली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, नक्की."

"वहिनी, नक्की कसं असेल?" छोटी मध्येच म्हणाली. "आम्हीपण आहोत की. आमचीही गरज काही कमी नाही."

"तुमच्याकडे मग काय नवं करताय?" वहिनीने विचारलं.

"नवं? माझी मुलं आता मेलगाडीसारखी वाचतात. गाणं बंद, चित्रकला बंद, तीन आठवडे नुसतं वाचन. हातात घड्याळ घेऊन मी स्वतः उभी राहिले."

"मग तुम्हाला निधी कशाला हवा?" वहिनी म्हणाली.

छोटीने चष्मा नाकावर वर सरकवला. ताई गालातल्या गालात हसली. मग तिच्या लक्षात आलं की हा प्रश्न फिरून आपल्याकडेही येऊ शकतो. तिने हसू आवरलं.

कोपऱ्यात बसलेला हिशेबनीस बशीत चहा ओतून फुंकत होता. सगळ्या शाळांचे आकडे आले तेव्हा त्याने ते दोनदा ताडून पाहिले होते. तळाच्या दोन्ही शाळा एका उडीत यादीच्या मध्यावर येऊन बसल्या होत्या. एवढी उडी मुलं मारत नाहीत, ती मोठ्यांना मारावी लागते, हे त्याला कळलं होतं. कोणी मारली आणि का, तेही कळलं होतं. वरिष्ठांना एक वाक्य सांगता आलं असतं. पण त्या वाक्यात बायको आणि मेहुणी दोघी आल्या असत्या. त्याने आकडे पुढे पाठवले आणि घरी येऊन नेहमीसारखा जेवला.

*

भोपू व्हॅन लावून वर आला तो पावाचा वास घेऊनच. ठिपकी त्याच्या मागे होती, हातात बाहुली.

"काय, लागला का निकाल? कोण नापास झालं? पेढे... म्हणजे बिस्किटं वाटायची आहेत मला," तो म्हणाला.

"बस खाली," आई म्हणाली. "आवाज कमी."

आईने कोपराखालचा पेपर काढला. पेपर हवेत जरा वेळ राहिला. मग आई म्हणाली, "गेल्या वेळी ताईने वाचला. छोटी, घे."

छोटीने तो असा घेतला की जणू कोणी हिसकावून नेणार आहे. तिने घडी मोडली, नवा चष्मा सारखा केला आणि निकालाचं पान काढलं. पालिकेच्या सगळ्या शाळा, वरून खाली. तिचा आवाज चांगला होता, हे ताईलाही नाकारता येत नव्हतं. पहिल्या शाळा आल्या, त्या नेहमीच्याच. आई म्हणाली, "पुढे." मधल्या शाळा आल्या. छोटीचा श्वास किंचित अडखळला.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही. बाजाराजवळची शाळा," छोटी म्हणाली आणि आकडा वाचला. मग लगेच खालची ओळ. "पुलापलीकडची शाळा." आणि आकडा.

"म्हणजे ताईची वर," आई म्हणाली.

"अगदी थोडीशी, आई. पाव शब्द. पाव शब्द म्हणजे शब्दसुद्धा नव्हे."

"वर ती वर," ताई म्हणाली. ते तिने सौम्यपणे म्हणायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते तसं निघालं नाही. तिला एकदम हलकं वाटत होतं, लहानपणी पेपर हातात आल्यावर वाटायचं तसं. आणि हे सगळं छोटीला स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या नव्या चष्म्यातून वाचावं लागलं होतं. असा योग मागून मिळत नाही.

वहिनी मात्र उठून उभी राहिली होती. "म्हणजे आपण खाली नाही?" ती म्हणाली. "मग ती शिक्षिका?"

छोटीने पेपर मांडीवर ठेवला. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ताई, तुझं मनापासून अभिनंदन," ती म्हणाली. "फार मेहनत घेतलीस. ठिपकीने किती शब्द वाचले गं?"

"ते... एकेका मुलाचं कुठे लक्षात राहतं."

"भाचीचंही नाही?"

"छोटे, पुरे," हिशेबनीस म्हणाला. त्याने या घरात कोणाला पुरे म्हटल्याची ही पहिलीच वेळ. म्हणूनच आईने मान वळवली.

"ठिपके," आई म्हणाली, "इकडे ये बरं. किती वाचलंस तू?"

"मी नव्हते, आजी," ठिपकी म्हणाली. "मोठ्या आत्याने सांगितलं घरी राहा. पण मला ताप नव्हता."

"ताप कोण म्हणालं?"

"बाईंनी लिहिलं हजेरीत. आमच्या सगळ्या बाकाला ताप होता. आमचा खिडकीजवळचा, वाचता न येणाऱ्यांचा बाक आहे ना, तो पूर्ण. आणि मागचा थोडा. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे आलो तर बाकीचे हसले. म्हणाले, तापवाले आले."

ठिपकी हे हसत हसतच सांगत होती, कारण वर्गात त्यावर हसायचंच ठरलं होतं.

भोपूने ताईकडे पाहिलं. वहिनी कोणाकडेच बघत नव्हती. ती दारातल्या शेंगांच्या सालांकडे बघत होती. तिला फोनवरचा तो मायेचा आवाज आठवत होता.

"आई, तुला कळत नाही," ताई म्हणाली, "मी मुलांना घाबरवायचं नाही म्हणून..."

"पेपर दे छोटी," आई म्हणाली. तो चाचपडत घेऊन तिने नातीपुढे धरला. "वाच बरं. कुठलंही. मोठं अक्षर असेल ते."

"आई, राहू दे," वहिनी पुटपुटली.

ठिपकीने पेपर घेतला. मग तिने तेच केलं जे ती वर्गात करायची. पानावर बोट ठेवलं आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाईंचे ओठ किंचित हलायचे, भुवई वर जायची, डोळे चित्राकडे वळायचे. त्यातून तिला शब्द मिळायचा. दोन वर्षं ती माणसं वाचत आली होती, आणि चांगली वाचत होती. पण आजीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. आजीचे डोळे तिच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे लागले होते. ठिपकीने वाट पाहिली. बोट तिथेच होतं.

"शाळा," ती शेवटी म्हणाली.

तिथे शाळा नव्हतं. पावसाळी छत्र्यांची जाहिरात होती.

आईने तोंड छोटीच्या बाजूला वळवलं. मग तिने विचारलं, "छोटी, उतारा कशाबद्दल होता?"

"कोणता?"

"तुझी मुलं मेलगाडीसारखी वाचत गेली तो."

"विहिरीत पडलेल्या बकरीबद्दल."

"बकरी वाचते का शेवटी?"

"वाचते ना. मुलीने दोर टाकला म्हणून."

"हे तुला माहीत आहे. तुझ्या मुलांना?"

छोटीने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. "एका मिनिटात कुठे विचारत बसणार, आई? शब्द मोजत होते. अर्थ नव्हते मोजत."

"बघ!" ताई म्हणाली. "मी निदान..."

"निदान काय?" भोपूचा आवाज या खोलीत मावेनासा झाला. "निदान काय गं ताई? माझ्या पोरीला ताप आणलास तू!"

"तू नको बोलूस! तुझ्यासाठी पेपर कधी नव्हताच, तुला काय कळणार वर-खाली काय असतं ते!"

हे बोलून झाल्यावर ताईलाच ते ऐकू गेलं. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि ताईला तर लहानपणापासून खोडरबर वापरायची सवय नव्हती.

भोपू भिंतीकडे वळला. बोलली ती वहिनी, तीही सासूकडे बघून, आणि आवाज न चढवता. "आई, या दोघींनाच दोष देऊ नका. तुम्ही आजही पेपर कोणाला द्यायचा ते मोजूनच दिलात. यांना चाळीस वर्षांत तुम्ही एकच गोष्ट शिकवलीत, दुसरीच्या वर राहायचं. त्या शिकल्या. तुमचे विद्यार्थी कधी कच्चे नसतात."

सुनेने असं काही बोलल्यावर या घरात काय होतं ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण आधी कधी झालं नव्हतं. हिशेबनीसाने बशी खाली ठेवली. आईने मागे हात नेऊन निळी उशी काढली आणि मांडीवर घेतली, जणू एकदम ती पाठीला टोचायला लागली होती.

"निधी कोणाला मिळाला मग?" तिने विचारलं. "ते वाचायचं राहिलं."

तिने ठिपकीच्या हातातला पेपर घेऊन पुढे धरला. ताईचा हात सवयीने अर्धा उचलला गेला आणि थांबला. छोटीने चष्मा पुसणं चालूच ठेवलं. पेपर हवेतच राहिला. शेवटी भोपूने तो घेतला.

तो उभ्यानेच वाचायला लागला, बोट ओळीखाली धरून, जोडाक्षर आलं की थांबून, पाव उतरवताना ट्रे तोलतो तसा एकेक शब्द तोलत. तळाची शाळा धरणाकाठची होती. तिथल्या मुख्याध्यापकाने काहीही केलं नव्हतं. जी मुलं आली ती बसवली आणि जे वाचलं ते लिहू दिलं. जादा शिक्षिका, पुस्तकं आणि खोलीचे पैसे त्याच्या शाळेला. एका लांबलचक सरकारी शब्दाशी भोपू अडकला, मागे गेला, पुन्हा आला आणि पार झाला. घामाघूम होऊन तो श्वासाला थांबला.

"पुढे," आई म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा, इतकं सगळं होऊन गेल्यावरही, ताईच्या आणि छोटीच्या पोटात एकाच वेळी तीच जुनी कळ उठली. इतकं रखडत वाचलं तरी!

*

मग बरंच बोलणं झालं. ताई रडली. छोटी म्हणाली की ती पालिकेकडे जाऊन खरं सांगेल. हिशेबनीसाने सांगितलं की आकडे मंजूर झाले आहेत, यंदाचा पैसा वाटून झाला आहे आणि खरं सांगितल्याने फक्त दोन मुख्याध्यापिकांचं नाव जाईल, शिक्षिका येणार नाही. छोटी मग गेली नाही. आईने ठिपकीला स्वतः शिकवायचं म्हटलं. पण अक्षर दिसल्याशिवाय चूक कुठे झाली ते कसं कळणार, असं तिचं तीच म्हणाली.

ठरवलं ते वहिनीने. "तिला धरणाकाठच्या शाळेत घालायचं," ती म्हणाली. "जागा आहे तिथे. मी उद्या जाऊन विचारते."

"फार लांब आहे गं," ताई म्हणाली. "आणि लोक काय म्हणतील? मुख्याध्यापिकेची भाची..."

"लोक म्हणतील की तिला ताप आला," वहिनी म्हणाली.

भोपूने सकाळची पहिली फेरी सोडली. ती फेरी सगळ्यात चांगली होती, हॉटेलांची, रोख पैशांची. तिच्या जागी तो आता ठिपकीला व्हॅनमध्ये घालून धरणापर्यंत नेतो. पावाच्या रिकाम्या ट्रेवर ती बाहुली घेऊन बसते.

तेव्हा जमाखर्च असा झाला. ताईच्या हाती बहिणीच्या वरची एक ओळ आली, तीही पाव शब्दाने, आणि आता त्या ओळीचं नाव तिच्यापुढे कोणी काढत नाही. छोटीच्या वर्गात गाणं पुन्हा सुरू झालं. आईचा पेपर आता भोपू वाचतो, फार वेळ लागतो, आणि आई त्यातलं काही सोडू देत नाही. हिशेबनीसाचं काहीच गेलं नाही; त्याने काही लावलंच नव्हतं. भोपूची पहिली फेरी गेली. जिन्याखालच्या खोलीत मोडके बाक आहेत तसेच आहेत.

आणि राहिला तो खिडकीजवळचा बाक. ठिपकीची जागा सोडली तर तो अजून पूर्ण भरलेला असतो. जूनमध्ये ती सगळी मुलं तिसरीत जातील. त्यांच्यापैकी कोणाच्याच बापाकडे व्हॅन नाही.